सह्याद्रीच्या भटकंतीसाठी पहिले हँडहेल्ड जीपीएस निवडताना

पुण्यात राहून ज्यांची पावले सिंहगड, लोहगड आणि राजमाची एवढ्यांवरच थांबतात, त्यांना हँडहेल्ड, म्हणजे हातात धरायचे वेगळे जीपीएस उपकरण विकत घेण्याची गरज नाही, हे आधीच सांगून टाकतो. या गडांच्या वाटा मळलेल्या आहेत, जागोजागी ताक आणि लिंबूसरबत विकणारी मंडळी बसलेली असतात आणि चुकलोच तर विचारायला माणूस भेटते. प्रश्न सुरू होतो तो घाटमाथ्यावरून कोकणात उतरणाऱ्या वाटांपाशी. मढे घाट, उपांड्या, सिंगापूर नाळ, बोराट्याची नाळ अशा ठिकाणी एका खऱ्या वाटेला दहा ढोरवाटा फुटलेल्या असतात, ऑक्टोबरात गवत कमरेइतके वाढलेले असते आणि पदरातील, म्हणजे कड्याखालच्या सपाटीवरील रानात शिरल्यावर समोरचा कडा दिसेनासा होतो. अशा वाटेला गावातील वाटाड्या मिळाला तर तोच घ्यावा. जीपीएस हा त्याला पर्याय नाही. मात्र वाटाड्या नेहमी मिळतोच असे नाही, आणि मिळाला तरी परतीची वाट आपल्याला ठाऊक असलेली बरी, म्हणून हे उपकरण कसे निवडावे याचा विचार येथे मांडतो.

निवड करताना एक प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा आणि प्रत्येक सोय त्यावर घासून पाहावी. जुलै महिना आहे, दुपारचे चार वाजले आहेत, डोंगराच्या धारेवर ढग उतरल्यामुळे पुढचा सोबती दहा पावलांवर दिसेनासा होतो आहे, पाऊस आडवा मारतो आहे, बोटे पाण्याने सुरकुतली आहेत, आणि ज्या दगडांच्या राशीपाशी डावीकडे वळायचे होते ती रास मागे पडली की अजून यायची आहे यावर चौघांचे एकमत होत नाही. जुन्या माणसांनी याला चकवा लागणे म्हटले असते. अशा वेळी उपकरणाकडून दोनच उत्तरे हवी असतात: आपण नेमके कुठे आहोत, आणि आलो त्या वाटेने मागे कसे फिरायचे. ही उत्तरे जे उपकरण दोन-तीन बटणांत आणि ढगातही वाचता येतील अशा अक्षरांत देते, ते पहिले उपकरण म्हणून चांगले. कॅमेरा, फोनशी जोडून येणाऱ्या सूचना, हवामानाचा अंदाज या गोष्टींसाठी दुकानदार कितीही भरभरून बोलला तरी त्यांची किंमत मनातल्या मनात शून्य धरावी.

पहिला आक्षेप अर्थातच फोनचा येतो, आणि तो रास्त आहे. फोनमधील जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवलेला असेल तर फ्लाइट मोडमध्येही तो जागा दाखवतो. रेंज असली की पहिली जागा लवकर सापडते एवढेच, कारण उपग्रहांच्या कक्षेची माहिती फोनला इंटरनेटवरून आयती मिळते. तीच माहिती थेट उपग्रहाकडून घ्यायची तर प्रत्येक उपग्रह ती दर ३० सेकंदांनी नव्याने सांगत असतो आणि मध्येच संकेत तुटला तर पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. जे वर्षाकाठी चार-पाच ट्रेक आणि तेही हिवाळ्यात करतात, त्यांनी ऑसमअँडसारखे एखादे ऑफलाइन ॲप, प्लास्टिकचा जलरोधक पाउच आणि पॉवर बँक एवढ्यावर भागवावे. फोन उघडा पडतो तो पावसात. काचेवर थेंब पडले की नकाशा आपोआप सरकू लागतो, ओल्या अंगठ्याने लॉक उघडत नाही, आणि संध्याकाळपर्यंत बॅटरी तळाला जाते. शिवाय धारेवर कुठे तरी रेंज आलीच, तर ११२ वर मदत मागण्याचे साधन तोच फोन असतो. वाट दाखवता दाखवता त्याचा जीव गेला तर दोन्ही हात रिकामे होतात. हँडहेल्ड घेण्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे कारण हेच आहे, आणि हँडहेल्ड घेतल्यानंतरही फोनमध्ये तोच नकाशा ठेवावा.

यातून पहिली कसोटी निघते, ती बटणांची. पहिले उपकरण बटणांचे असावे. टचस्क्रीनचे हँडहेल्ड दुकानात देखणे दिसते, पण आपल्या पावसात ते फोनचेच दुखणे पुन्हा घरी आणते. दुकानात उपकरण हातात घेऊन, ते एकाच हाताने, न पाहता, अंगठ्याने चालवता येते का ते तपासावे, कारण दुसऱ्या हातात काठी किंवा दोर असणार आहे. पाण्याबाबत बहुतेक चांगल्या उपकरणांवर आयपीएक्स७ असे लिहिलेले असते; त्याचा अर्थ एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिले तरी आत पाणी जाऊ नये. ताम्हिणीच्या पावसाला एवढे पुरते, पण सेलच्या झाकणाचे रबर नीट बसलेले असेल तरच. आणखी एक बारीकशी गोष्ट म्हणजे दोरी ओवण्याची कडी. ती नसलेले उपकरण घेऊ नये. सह्याद्रीत हातातून निसटलेली वस्तू पायाशी पडत नाही, ती कोकणात पडते.

दुसरी कसोटी विजेची, आणि येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. उपकरणे दोन प्रकारची असतात: दोन पेन्सिल सेलवर चालणारी आणि आतच लिथियम बॅटरी असलेली. आतील बॅटरीची नवी उपकरणे एका चार्जिंगवर कितीतरी जास्त चालतात, गार्मिनच्या जीपीएसमॅप ६७ साठी कंपनी १८० तासांचा आकडा देते, परंतु पहिल्या उपकरणासाठी मी पेन्सिल सेलच्या बाजूने कौल देतो. त्याचे कारण असे की सेल संपले तर पिशवीतून दुसरे काढून मिनिटभरात घालता येतात, आणि काही वर्षांनी आतील बॅटरी थकली म्हणून सगळे उपकरण कपाटात जात नाही. मात्र सेल कोणते घ्यावे यात पुष्कळजण फसतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते स्वस्त सेल या कामाला अजिबात चालत नाहीत, ते काही तासांतच मान टाकतात. पुन्हा चार्ज होणारे चांगल्या प्रतीचे निकेल-मेटल हायड्राइड सेल, त्यांचा चार्जर आणि राखीव म्हणून अल्कलाइनची एक जोडी असा संच उपकरणाच्या किमतीतच धरावा. चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा आणि अल्कलाइन १.५ व्होल्टचा असल्याने, सेटिंगमध्ये सेलचा प्रकार सांगितला नाही तर उपकरण उरलेला चार्ज चुकीचा दाखवते, आणि अर्धी पट्टी भरलेली दिसत असतानाच पडदा काळा होतो. खोक्यावर २५ तास लिहिलेले असले तरी पडद्याचा दिवा, कंपास आणि सतत नकाशा पाहण्याची नवख्याची सवय जमेस धरून पंधराच तास मिळतील असा हिशेब ठेवावा. म्हणजे राजगड ते तोरणा या दोन दिवसांच्या चालीला एक जोडी उपकरणात आणि एक जोडी प्लास्टिकच्या डबीत. ट्रेकचा हंगाम संपला की सेल काढून ठेवावेत. माझ्या पहिल्या उपकरणात अल्कलाइन सेल चार महिने तसेच राहिले. झाकण उघडले तेव्हा स्प्रिंगवर पांढरट हिरवा थर चढला होता आणि तो सुरीच्या टोकाने खरवडताना स्प्रिंगच तुटून हातात आली.

याच उपकरणाने तिसरी कसोटी शिकवली. तोरण्याच्या बुधला माचीवरून उतरून आम्ही राजगडाकडे जाणाऱ्या धारेला लागलो होतो. ढग दाटल्यावर वाट ठरवण्यासाठी थांबलो, आणि पडद्यावरचा बाण गोल गोल फिरू लागला. एकदा तो कानंद खोऱ्याकडे दाखवी, एकदा मागे. उपकरण बिघडले असे समजून आम्ही दहा मिनिटे ते बंद-चालू करत बसलो. ते बिघडले नव्हते. साध्या उपकरणात चुंबकीय कंपास नसतो. आपण चालत असतो तेव्हा आधीची जागा आणि आत्ताची जागा यांवरून ते दिशा काढते, आणि आपण थांबलो की त्याला दिशाच उरत नाही. वीस पावले सरळ चाललो असतो तर बाण आपोआप स्थिर झाला असता, पण नेमक्या त्याच ठिकाणी वीस पावले कुठे चालायची हा तर प्रश्न होता. म्हणून थोडे अधिक पैसे कुठे घालायचे असतील तर ते तीन अक्षांच्या इलेक्ट्रॉनिक कंपाससाठी घालावेत, कारण तो उपकरण तिरके धरले आणि आपण उभे राहिलो तरी दिशा दाखवतो. सेल बदलल्यानंतर तो नव्याने जुळवून घ्यावा लागतो. पडद्यावर सांगितल्याप्रमाणे उपकरण तिन्ही बाजूंनी फिरवले की झाले. पुण्याच्या परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतील फरक एक अंशाहूनही कमी आहे, त्यामुळे ती चिंता आपल्याला नाही, परंतु आपल्या काळ्या बेसॉल्टमध्ये चुंबकीय खनिज असल्याने उपकरण कातळाला टेकवून दिशा पाहू नये.

कंपासच्या सोबत बहुधा हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक येतो. घाटवाटांना त्याचा चांगला उपयोग होतो, कारण पदरातून आडवे जाताना नकाशावर ज्या उंचीच्या रेषेवर वाट आहे, त्याच उंचीवर आपण आहोत का हे लगेच कळते. परंतु हवेचा दाब एका मिलिबारने बदलला तर उंची आठ-नऊ मीटरने सरकते, आणि पावसाळ्यात दाब दिवसभरात सहज तेवढा हलतो. म्हणून पायथ्याच्या गावात किंवा नकाशावर उंची दिलेल्या खिंडीत ती दुरुस्त करून घ्यावी. येथे एक गंमत सांगण्याजोगी आहे. काही फोन-ॲप पुण्यातील उंची साठ-सत्तर मीटर कमी दाखवतात, आणि सुमारे ५६० मीटर उंचीचे आपले शहर पाचशेच्या आत जाते. यात बिघाड नसतो. उपग्रह उंची मोजतात ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून, समुद्रसपाटीपासून नव्हे, आणि भारताच्या या भागात समुद्रसपाटी त्या गणिती आकाराच्या तितकी खाली आहे. हँडहेल्ड उपकरणे ही वजाबाकी स्वतःच करतात, काही ॲप ती करत नाहीत.

आता संकेताविषयी. जाहिरातीत अचूकतेचे आकडे ठळक छापलेले असतात, परंतु रायरेश्वराच्या पठारावर किंवा उघड्या धारेवर आजचे कोणतेही धड उपकरण काही मीटरच्या आत जागा दाखवते. अमेरिकेने नागरी संकेतात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हापासून उघड्या आकाशाखाली हा प्रश्न उरलेला नाही. खरी परीक्षा नाळेत होते. दोन्ही बाजूंना शेकडो फूट कातळ, वर आकाशाची एक पट्टी, आणि जो संकेत येतो त्यातला बराचसा कड्यावर आपटून उशिरा येतो. उपकरणाला तो उशीर म्हणजे अंतर वाटते आणि आपली जागा ते समोरच्या कड्याच्या पोटात नेऊन ठेवते. यावर दोन उपाय आहेत. जीपीएससोबत रशियाचे ग्लोनास किंवा युरोपचे गॅलिलिओ हे उपग्रहही वापरणारे उपकरण घ्यावे, म्हणजे त्या चिंचोळ्या पट्टीत निदान मोजके उपग्रह तरी सापडतात. दुसरा उपाय एकाच उपग्रहाचे दोन वेगळ्या वारंवारितांचे संकेत ऐकणाऱ्या, म्हणजे मल्टिबँड उपकरणाचा. आपटून आलेला संकेत ते अधिक चांगल्या रीतीने ओळखते. तरीही नाळेत उतरताना चूक बहुधा संभवत नाही, कारण वाट एकच असते; चूक होते ती नाळेचे तोंड शोधताना, आणि ते तोंड माथ्यावर, उघड्या आकाशाखाली असते. म्हणून केवळ नाळांच्या भीतीने मल्टिबँडचा जादा खर्च करावा असे मला वाटत नाही. नाविक या भारताच्या स्वतःच्या उपग्रह मालिकेबद्दलही विचारणा होते. हातातल्या उपकरणांत सर्रास वापरली जाणारी एल१ वारंवारिता त्या मालिकेत प्रथम २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ पासून आली, त्यामुळे नाविक नाही म्हणून एखादे चांगले उपकरण नाकारू नये.

नकाशाशिवाय जीपीएस म्हणजे नुसते आकडे. विकत घेताना उपकरणात नकाशा घालता येतो का, आणि मेमरी कार्डाची जागा आहे का, हे पाहावे. आत येणारा जगाचा मूळ नकाशा आपल्या डोंगरांच्या कामाचा नसतो. ओपनस्ट्रीटमॅपच्या माहितीवर बनवलेले नकाशे मोफत उतरवून कार्डावर घालता येतात आणि त्यांत अनेक गडवाटा भटक्यांनी स्वतः चालून भरलेल्या आहेत. एका बाबतीत मात्र सावध राहावे. या नकाशांतील उंचीच्या रेषा बहुधा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून काढलेल्या असतात, आणि त्या मोजणीचा एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो. एवढ्या रुंदीत आपला एखादा उभा कडा संपूर्ण मावतो. त्यामुळे पडद्यावर जो उतार चालण्याजोगा दिसतो तो प्रत्यक्षात पंचवीस मीटरचा सरळसोट कातळ असू शकतो. रेषा जिथे अचानक जवळ येतात तिथे कडा आहे असेच धरून चालावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे घरी पसरून पाहावेत आणि वाट आधी तिथे आखावी. मात्र या विभागाच्या जुन्या नकाशांवरून, म्हणजे टोपोशीटवरून, अक्षांश-रेखांश घेतले तर एक घोटाळा होतो: ती शीट पृथ्वीच्या आकाराच्या एव्हरेस्ट नावाच्या जुन्या गणितावर आधारलेली आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या गणितावर चालते, त्यामुळे पुण्याच्या परिसरात जागा शंभरेक मीटर सरकते. धुक्यात शंभर मीटर म्हणजे वाट आणि दरी यांतील अंतर आहे.

दुसऱ्याने दिलेला ट्रॅक, म्हणजे त्याच्या चालीची उपकरणाने नोंदलेली रेष, ही नवख्याची सर्वांत मोठी सोय आणि तितकीच मोठी फसवणूक असते. तो पडद्यावर मोठा करून बारकाईने पाहावा. जिथे रेष एखाद्या गुंतलेल्या दोऱ्यासारखी स्वतःभोवती फिरून पुन्हा निघते, तिथे तो गट एक तर जेवायला बसला होता किंवा चुकला होता. जिथे रेष फुटपट्टीने ओढल्यासारखी दरीवरून सरळ जाते, तिथे त्यांचा संकेत तुटला होता किंवा फाइल लहान करण्यासाठी मधले बिंदू गाळले गेले आहेत. ती वाट नाही. बाणाचेही तसेच. गाव ९०० मीटरवर आहे असे उपकरण म्हणते तेव्हा ते पक्ष्याचे अंतर सांगत असते.

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या पद्धतीविषयी एकच उदाहरण देतो. सोबत्याने फोनवर १८ अंश ३०.५ मिनिटे असे सांगितले आणि आपण उपकरणात १८.३०५ अंश असे भरले, तर जागा सुमारे साडेबावीस किलोमीटर दक्षिणेला जाते. उपकरण, फोन आणि सोबती या तिघांची पद्धत निघण्यापूर्वी एक करून घ्यावी.

एवढे पाहिल्यावर प्रत्यक्ष निवड फार अवघड राहत नाही. गार्मिनच्या साध्या मालिकेतील ईट्रेक्स २२एक्स मध्ये २.२ इंची रंगीत पडदा, बटणे, दोन पेन्सिल सेल, मेमरी कार्ड आणि ग्लोनास एवढे सारे आहे. ईट्रेक्स ३२एक्स मध्ये त्यावर तीन अक्षांचा कंपास आणि दाबावर चालणारा उंचीमापक मिळतो. दोन्हींतील फरक परवडत असेल तर ३२एक्स घ्यावे, हे माझे मत वर सांगितलेल्या दहा मिनिटांतून आलेले आहे. जीपीएसमॅप ६५एस मल्टिबँड आहे आणि त्याचा अँटेना उभ्या धरलेल्या उपकरणालाही चांगला संकेत देतो, परंतु सेल लवकर संपतात. वर्षभर घाटवाटाच करणाऱ्याने त्याचा विचार करावा. जुने उपकरण ओळखीच्या माणसाकडून मिळत असेल तर घेण्यास हरकत नाही. फक्त बटणांचे रबर फाटलेले नाही ना, सेलच्या स्प्रिंगा स्वच्छ आहेत ना, हे पाहावे आणि उघड्यावर नेऊन तारीख तपासावी. जीपीएसमधील आठवड्यांचा आकडा दर १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. असे ६ एप्रिल २०१९ रोजी घडले, आणि तेव्हापासून काही जुनी उपकरणे तारीख भलतीच दाखवतात. परदेशातून कुणाला आणायला सांगणार असाल, तर त्यातील नकाशा भारताचा नसण्याची आणि वॉरंटी येथे न चालण्याची शक्यता लक्षात घ्यावी.

परदेशातून मागवताना आणखी एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. ज्या उपकरणांवरून उपग्रहामार्फत संदेश पाठवता येतो, उदाहरणार्थ गार्मिनची इनरीच मालिका, ती दिसायला साध्या जीपीएससारखीच असतात. परंतु दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात असे उपकरण बाळगणे बेकायदेशीर आहे आणि त्यापायी विमानतळावर प्रवाशांना अटकही झालेली आहे. नावाच्या शेवटी लागलेले एक अक्षरही फरक करते, म्हणून मॉडेलचे संपूर्ण नाव पाहूनच पैसे द्यावेत.

उपकरण घरी आल्यावर पहिले तीन-चार रविवार वेताळ टेकडीला द्यावेत. चढण्यापूर्वी ते उघड्यावर, आकाशाकडे तोंड करून पाचेक मिनिटे ठेवावे, गाडीची जागा नोंदवावी, ट्रॅक सुरू करावा आणि उपकरण खिशात न घालता पिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवावे, कारण आपले शरीरही संकेत अडवते. खाणीपाशी जाऊन एक जागा नोंदवावी, मग झाडीतून मुद्दाम वाकडेतिकडे भटकावे आणि आलेल्या ट्रॅकवरून मागे फिरण्याची सोय वापरून गाडीपर्यंत यावे. पुढच्या खेपेस हेच पहाटे अंधारात, आणि त्यानंतरच्या खेपेस हात ओले करून करावे. सेल बदलण्याचाही सराव एकदा छत्रीखाली बसून झालेला असावा. अंगठ्याला बटणे पाठ झाली की मढे घाटाला निघावे, आणि तेही पहिल्यांदा डिसेंबरात, केळदच्या एखाद्या वाटाड्याला सोबत घेऊन, त्याच्या मागे चालत आपला ट्रॅक नोंदवण्यासाठी.